चिनी मातीचा खल

दुपार कलली होती, दुकानातला पंखा गरम हवाच फिरवत होता आणि तिला सगळ्या जगाचा राग आला होता.

सकाळपासून तिनं काय केलं होतं? एका बाईंना 'ती पांढरी, छोटी गोळी' शोधून दिली होती. कशावरची ते बाईंना आठवत नव्हतं, पण पांढरी होती हे नक्की. एका काकांनी शाम्पूच्या दोन बाटल्या पुढं करून कुठल्याचा वास बरा ते विचारलं होतं, आणि तिनं दोन्ही हुंगून सांगितलंही होतं. चार वर्षं औषधशास्त्र शिकायचं, परीक्षेच्या दिवसांत जेवणाची शुद्ध ठेवायची नाही, आणि शेवटी काय, तर शाम्पू हुंगायचा. पदवी मामांनी हौसेनं चौकटीत बसवून गल्ल्यामागच्या भिंतीवर लावली होती. दुकान मामांचं. तिला वाटायचं, पदवी भिंतीवर आहे आणि मी तिच्याखाली टांगलेली आहे.

तेवढ्यात एक तरुण आत आला. शर्टावर मांजराचे केस, मनगटावर ताजे ओरखडे. त्यानं गॉज पट्टी मागितली. तिनं दिली. सुट्ट्या पैशांऐवजी तिनं गल्ल्याजवळच्या पांढऱ्या भांड्यातून एक टॉफी काढून पुढं सरकवली. त्यानं टॉफी घेतली नाही. तो भांड्याकडेच बघत राहिला.

"हा खल आहे ना? औषध घोटायचा?"

"हो."

"मग त्यात टॉफ्या का?"

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. दुकानात आल्यापासून हजार माणसांनी त्या खलातून टॉफ्या उचलल्या होत्या. तो चिनी मातीचा जड खल तिच्या आजोबांचा. मामांचे वडील दुकानामागच्या खोलीत औषधं स्वतः तयार करायचे, त्या काळातला. आता त्या खोलीत रिकामी खोकी होती आणि खलात टॉफ्या. हे आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आज आलं, तर नेमकं ह्या ओरबाडलेल्या माणसाच्या.

"टॉफी हवी असेल तर घ्या," ती म्हणाली, "नसेल तर मागच्यांना येऊ द्या."

मागं कुणीच नव्हतं. तो हसला, टॉफी खिशात टाकली आणि रस्ता ओलांडून समोर गेला. समोर प्राण्यांचा नवा दवाखाना उघडला होता. हा तिथला डॉक्टर.

मग तो रोज यायला लागला. रोज गॉज. एवढं गॉज कुणाला लागतं, असा प्रश्न तिला पडायला हवा होता, पण रागावलेल्या माणसाला साध्या गोष्टी दिसत नाहीत. ती त्याला 'जनावरांचे डॉक्टर' म्हणायची. तो म्हणायचा, प्राण्यांचा. ती म्हणायची, फरक काय? तो म्हणायचा, प्राणी इतके रागावत नाहीत. हळूहळू तिला कळलं, की तोही शिकला होता मोठमोठ्या शस्त्रक्रियांची स्वप्नं बघत, आणि सध्या सोसायटीतल्या लाडावलेल्या कुत्र्यांची नखं कापत होता. हे सांगताना त्याला हसू यायचं. तिला त्याचाही राग यायचा. हसू कसं येतं ह्याला?

"माझ्या जागी एखादं यंत्र ठेवलं तरी चालेल," ती एकदा म्हणाली. "चिठ्ठी आत, गोळ्या बाहेर."

"यंत्र असं डोळे वटारून बघत नाही."

"मी गंमत करत नाहीये."

"मीही नाही." मग तो म्हणाला, "राग येतो तर... त्या रागाचं काहीतरी करा ना. तो नुसता डब्यात भरून कशाला ठेवायचा?"

त्यावर तिनं त्याचं गॉज काउंटरवर आपटलं आणि पुढचे काही दिवस त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. खरं बोलणाऱ्यावर आपण जास्त चिडतो. हे तुमच्याही अनुभवाचं असेल.

त्या मौनाच्या दिवसांतच तिनं मावशीला होकार कळवला. मावशी विम्याच्या कचेरीत होती आणि तिथं एक जागा रिकामी होती. महिनाअखेरीला दुकान सोडायचं, औषधांचं नाव काढायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं. मामा हळहळले.

मग ती सकाळ आली. एक म्हातारे गृहस्थ दोन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या घेऊन आले. दोन्हींवर एकच औषध होतं, फक्त कंपन्यांची नावं निराळी. तिनं त्यांना थांबवलं, एका डॉक्टरला फोन लावायला निघाली, तेवढ्यात गृहस्थ वैतागले आणि मामा मध्ये पडले. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "डॉक्टरसाहेबांनी लिहिलंय ते द्यायचं. तुला विचारलंय का कुणी? डोकं घरी ठेवून येत जा."

ती काही बोलली नाही. एकच औषध दुप्पट मात्रेत गृहस्थांच्या पिशवीत गेलं. बोलली नाही, हेच वाईट झालं. तिनं मनाशी म्हटलं, ठीक आहे. आता महिनाअखेरपर्यंत मी यंत्र.

दुपारी कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई आल्या. त्यांच्या कुत्र्याचं नाव आजोबा, कारण तो लहानपणापासूनच म्हाताऱ्यासारखा बसायचा. आता खरोखर म्हातारा झाला होता आणि पाठीच्या दुखण्यानं उठत नव्हता. समोरच्या डॉक्टरनं चिठ्ठी दिली होती: दुखण्यावरचं, माणसांनाही देतात ते पातळ औषध. गोळी आजोबा थुंकून टाकायचा. तिनं चिठ्ठी पाहिली, फळीवरून बाटली काढली, दिली. चिठ्ठी आत, बाटली बाहेर. बाई घाईनं समोर गेल्या. पहिला घोट डॉक्टरच पाजणार होता.

फळीवरची मागची बाटली पुढं ओढताना तिची नजर सवयीनं लेबलावर गेली. 'साखरविरहित.' आणि खाली बारीक अक्षरांत, औषध गोड लागावं म्हणून घातलेल्या वस्तूचं नाव. झायलिटॉल. माणसाला ते काही करत नाही. कुत्र्याला ते विष.

ती काउंटरवरून उडी मारून गेली की खालून वाकून, हे तिला नंतर कधीच आठवलं नाही. पांढऱ्या कोटासकट ती रस्त्यावर आली, एका मोटारवाल्यानं तिला शिव्या दिल्या, तिनं त्याला दुप्पट दिल्या, आणि दवाखान्याचं दार ढकललं. टेबलावर आजोबा पडलेला, डॉक्टरच्या हातात भरलेली पिचकारी आणि ती आजोबाच्या ओठांपाशी. तिनं त्याच्या हातावर फटका मारला. औषध त्याच्या शर्टावर उडालं.

"झायलिटॉल आहे त्यात," ती धापा टाकत म्हणाली.

त्याचा चेहरा पांढरा पडला. ती गोड वस्तू कुत्र्याला चालत नाही हे त्याला पुरेपूर ठाऊक होतं. पण ती ह्या बाटलीत असेल हे डोक्यात आलं नव्हतं. भीती ओसरली आणि दोघांचाही भडका उडाला.

"तुम्ही वाचलं नाहीत? देताना वाचलं नाहीत?"

"तुम्ही लिहिताना विचार केला नाहीत?"

"मी तुमच्यावर विसंबून होतो."

"कशाला विसंबलात? मी यंत्र आहे, सांगितलं होतं ना?"

"यंत्र रस्ता ओलांडून धावत आलं नसतं..."

तिचे डोळे भरून आले होते, आणि त्याचाही तिला भयंकर राग आला.

"भांडण नंतर करा," शिंपीणबाई म्हणाल्या. "आजोबांची पाठ दुखतीय."

डॉक्टरनं बाटली बाजूला ठेवली. त्याच औषधाची कॅप्सूल मिळते, तो म्हणाला, तिची पूड खाण्यात कालवता येईल, पण तिच्यात मात्रा फार. ह्या जीवाला तिचा लहानसा हिस्साच पुरे, आणि तो बिनचूक हवा. तो बोलायचा थांबला. ती आधीच दाराकडे वळली होती.

"नवीन चिठ्ठी लिहा," ती म्हणाली, "आणि या."

दुकानात येऊन तिनं खल उचलला आणि टॉफ्या भसकन काउंटरवर ओतल्या. खल गरम पाण्यानं धुतला, पुन्हा धुतला, कोरडा केला. मागच्या खोलीतली खोकी तिनं पायानंच बाजूला सारली. मामा दारात आले आणि विचारू लागले, की हे काय चाललंय, टॉफ्या अशा का पसरल्यात?

"औषध करतेय," ती म्हणाली. "सकाळी डोकं घरी ठेवून ये म्हणालात ना, मामा? दुपारी ठेवलं. एक जीव जाता जाता राहिला. त्या म्हाताऱ्यांना मी आत्ता फोन करणार आहे, आणि त्यांच्या डॉक्टरांनाही. आणि ह्यापुढं तुम्ही मला गिऱ्हाइकांसमोर असं बोलायचं नाही."

मामा कपाटाकडे गेले, वरच्या कप्प्यातून वडिलांचा छोटा वजनकाटा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसू लागले. पुसता पुसता म्हणाले, की मला भीती वाटते गं, एक चूक झाली की दुकानाला कुलूप. ती म्हणाली, मलाही वाटते. काटा सपाट जागी ठेवा.

आधी तिनं दोन्ही फोन केले. म्हातारे गृहस्थ घरीच होते, दुपारची गोळी अजून घेतली नव्हती. मग ती खोलीत आली. डॉक्टर तिथं टेबलाच्या पलीकडे उभा होता. दोघांनी मात्रेचा हिशोब वेगवेगळा केला आणि ताडून पाहिला. जुळला. मग तिनं कॅप्सूलमधली पूड मोजली आणि जोडीला, पुड्या सारख्या वाटता याव्यात म्हणून, निरुपद्रवी पूड घेतली.

"सगळी एकदम का नाही टाकत?" त्यानं विचारलं.

"मग एका पुडीत सगळं औषध जाईल आणि बाकीच्या कोऱ्या. आधी थोड्यात थोडं मिसळायचं. मग जेवढं झालं, तेवढंच पुन्हा. मग पुन्हा तेवढं."

बत्ता खलात फिरत राहिला. बारीक, एकसुरी आवाज. तो तिच्या हातांकडे बघत होता, आणि ते तिला कळत होतं, आणि आश्चर्य म्हणजे राग येत नव्हता. तिनं कागदाच्या घड्या घालून पुड्या बांधल्या. त्यानंही एक बांधून पाहिली. त्याची पुडी एका कोपऱ्यातून गळू लागली. तिनं ती काढून घेतली, नवी बांधली. बोटं बोटांना लागली, आणि दोघंही उगाच पुड्यांकडे बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी आजोबा दुकानाच्या पायरीपर्यंत आपल्या पायांनी आला आणि तिथं येऊन आजोबांसारखा बसला.

महिनाअखेर मात्र आली. निरोप घ्यायचा की नाही हे न ठरवताच ती रस्ता ओलांडून समोर गेली. त्या दिवशीच्या धावपळीत जे दिसूनही दिसलं नव्हतं, ते आता नीट दिसलं. दवाखान्याचं काचेचं कपाट गॉजनं खचाखच भरलं होतं. एकही पाकीट फोडलेलं नव्हतं.

"हे सगळं..."

"तुमच्याकडचं," तो म्हणाला. कानापर्यंत लाल झाला होता. "मला घाऊक मिळतं. दारात येऊन देतात."

"मग माझ्याकडून का घेत होतात?"

"आधी थोड्यात थोडं," तो म्हणाला. "मग... जेवढं झालं, तेवढंच पुन्हा."

तिनं कपाटातलं एक पाकीट उचललं आणि परत जागेवर ठेवलं. बाहेर एक गाडी हॉर्न वाजवत होती.

"मी विम्याच्या कचेरीत जाणार होते," ती शेवटी म्हणाली.

"होते?"

"मावशीला सकाळी नाही म्हटलं. मामांना सांगितलं, मागची खोली माझी, नाहीतर मी चालले. ते खोकी उचलतायत." तिनं कपाटाकडे हात केला. "आणि उद्यापासून तुम्हाला गॉज मिळणार नाही."

त्याचा चेहरा उतरला. "मग मी यायचं कसं? काय निमित्तानं?"

"निमित्त नको," ती म्हणाली. "नुसतं यायचं. आणि लक्षात ठेवा, राग माझा अजून गेलेला नाही."

"जाऊ नका देऊ," तो म्हणाला.

तिनं कोटाच्या खिशातून एक टॉफी काढली आणि त्याच्या ओरखडलेल्या तळहातावर ठेवली. टॉफ्या आता मामांच्या बिस्किटांच्या जुन्या डब्यात होत्या. खल रिकामा होता, धुतलेला, आणि मागच्या खोलीत वाट बघत होता.