धोंडेवस्तीनं पाणी मोजलं

रेवूच्या भिवाकाकाचं लग्न ठरता ठरता तिसऱ्यांदा मोडलं, ते २०४१ साल. त्याच उन्हाळ्यात धोंडेवस्तीवर मापाडी आला. मापाडी म्हणजे जिल्ह्याहून धाडलेला यंत्रमानव. घरोघर जाऊन तो विदा (निर्णयासाठी गोळा केलेली माहिती) जमवायचा. पाण्याची योजना आधी कोणत्या गावाला द्यायची, ते त्यावरून ठरणार होतं.

विचारपूस संपली आणि त्याच्या छातीवरच्या पडद्यावर नकाशा उमटला. कोरडी गावं तांबडी, पाण्याची निळी. धोंडेवस्ती निळीशार!

"अरे मापाड्या, डोकं फिरलं का तुझं?" रेवू ओरडली. "माझी आई पहाटेपासून विहिरीच्या तळाशी वाटीवाटीनं पाणी भरतेय!"

"डोकं फिरत नाही, फक्त मान फिरते," मापाडी म्हणाला. "पाणी पुरतं का, असं मी विचारलं. सगळी घरं म्हणाली, मुबलक."

रेवूनं आजोबांकडे पाहिलं. आबा ओसरीवर दोर वळत होते.

"मग काय सांगायचं?" आबा म्हणाले. "पाणी नाही म्हटलं, की या वस्तीत पोरगी देतो कोण? भिवाची तिन्ही स्थळं त्यापायीच गेली. रविवारी चौथं येतंय."

"म्हणजे मी माहिती नाही, तुमची अब्रू गोळा केली," मापाडी म्हणाला. "शास्त्रात याला कल म्हणतात. तागडीच्या एका पारड्याखाली गुळाचा खडा चिकटला, की दहादा वजन करा, चूक तीच येते. दहा घरांऐवजी शंभर घरांना विचारूनही कल जात नाही."

रेवू विचारात पडली. "मग विचारायचंच नाही. मोजायचं!"

"शाब्बास! पण मी एकटा एका दिवसाचं मोजीन. पाणी रोज बदलतं, विहिरीविहिरीला वेगळं असतं. ते इथं राहणाऱ्यांनीच मोजायला हवं."

आबांनी नव्या दोराला हातहातभर अंतरावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला. दोर विहिरीत सोडायचा, वर ओढायचा, भिजलेल्या गाठी मोजायच्या. बघता बघता प्रत्येक विहिरीला असा दोर झाला. बायाबापड्या, पोरंसोरं रोज सकाळी आकडा देवळापुढच्या फळ्यावर मांडू लागली.

शनिवारी भिवाकाका घोंगडी घेऊन आला. "आबा, उद्यापुरता फळा झाकतो. पाया पडतो तुमच्या."

आबांनी घोंगडी त्याच्या हातातून काढून घेतली. "भिवा, झाकून झाकून तर आपण निळे झालो. आता नाही."

रविवारी पाहुणे आले. मुलगी, तानुबाई, फळ्यापुढेच थबकली. भिवाकाकाचा चेहरा उतरला.

"हे खरं आहे?" तिनं विचारलं.

"खरं आहे, पोरी. पाणी नाही आमच्याकडे," आबा म्हणाले.

"आमच्याकडे तरी कुठंय? पण आमचं गाव अजून झाकतंय." ती फळा निरखू लागली. "सगळ्या विहिरी उतरल्या, ही उंबराखालची का नाही उतरली?"

रेवू दचकली. रोज आकडे लिहून हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं! मापाड्यानं आकडे शेजारी शेजारी मांडले. जमिनीखालचं पाणी उताराला लागून उंबराकडे झिरपत होतं. योजनेचा बंधारा गावठाणात नको, उंबराच्या खालच्या अंगाला हवा, म्हणजे पाणी अडून वरच्या विहिरीही पाणी धरतील. माणसांनी मोजलं, सगळ्यांनी मिळून वाचलं, तेव्हा योजना कुठं करायची तेही गावालाच उमगलं.

नकाशावर धोंडेवस्ती तांबडी झाली, त्या दिवशी वस्तीनं हलगी वाजवली. तालुका हसला: कोरडं ठरलं म्हणून पेढे वाटणारं गाव! हसू दे. पुढच्या वर्षी उंबराखाली बंधारा झाला, तेव्हा हसणारी तीच गावं दोराला गाठी कशा मारायच्या ते शिकायला आली, आणि तानुकाकू त्यांना शिकवायला उभी राहिली. रेवू आता तालुक्याचा पाण्याचा नकाशा करते.

आबा २०४८ सालच्या चैत्रात, ऐन उन्हाळ्यात वारले. त्यांच्या शेवटच्या अंघोळीचं पाणी घरच्याच विहिरीतून शेंदलं.