पाऊण तासावरची ताई

सुरत स्टेशनासमोरच्या आमच्या तिकीट ऑफिसात लोक घाम पुसत येतात आणि भाड्यावरून कुरकुरत जातात. चेतन मात्र आला तो हसतच. पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये कापड रंगवणारा डाइंग मास्टर, बाहीवर निळा डाग, आणि हवं होतं मॉरिशसचं तिकीट. तिथल्या मिलमध्ये नोकरी लागली होती.

"मॅडम, तिथे आपलं माणूस कुणी भेटेल का हो?"

"शेजारच्या बेटावर माझी ताई आहे. रियुनियनला. विमानाने सव्वादोनशे किलोमीटर, पाऊण तास," मी ऐटीत म्हटलं.

"पाऊण तास? बमरोलीहून कतारगामला बसनं जायला मला याहून जास्त वेळ लागतो!"

"मग जा की भेटायला."

"जाईन... पण कोण म्हणून जाऊ?"

मी टाइमटेबलात डोकं खुपसलं. कान तापले होते.

तिकीट एकच, पण त्यासाठी त्याच्या किती खेपा! कधी तारीख विचारायला, कधी सामानाचं वजन, आणि एकदा तर नुसताच — "इकडून चाललो होतो." आमचं ऑफिस त्याच्या कुठल्याच वाटेवर नव्हतं. एक दिवस मी दिलेला पाण्याचा पेला खाली ठेवत तो हळूच म्हणाला, "धनश्री... येशील तिकडे? लग्न करून?"

मी "बाबांना विचारा" एवढंच बोलले. मनातून तर मी कधीच निघाले होते.

बाबा टपालखात्यातून निवृत्त झालेले. आई गेल्यापासून वर्षाताईला फार लांब दिलं म्हणून झुरायचे. त्यात ताईला आता दिवस गेलेले आणि जवळ बाईमाणूस नाही. रियुनियन बेट फ्रान्सच्या ताब्यातलं, म्हणून ताईच्या पत्रांवर टपालतिकीट फ्रान्सचं. मी नकाशा दाखवून दमले, पण बाबांचा विश्वास टपालतिकिटावर.

"ती तिकडे फ्रान्साकडे, तू मॉरिशसला. एक पोर पूर्वेला, एक पश्चिमेला! नाही, धना. नाही."

चेतन घरी आला तेव्हा चहा पाजून त्यालाही तेच ऐकवलं. आता हा वाद घालणार, म्हणून मी दाराआड कान लावून उभी. त्याने फक्त विचारलं, "काका, ताईंना काही पाठवायचंय?"

बाबांनी उडदाचे पापड बांधून दिले. तो मॉरिशसला गेला, आणि मी घरात सगळ्यांवर चिडचिड करू लागले. सगळे म्हणजे बाबाच.

एका रविवारी शेजारच्या मगनभाईंनी हाक मारली, "धनश्रीबेन, परदेशथी फोन छे!" बाबा अनवाणीच धावले.

ताईचा आवाज मलाही ऐकू येत होता. "बाबा, पापड भाजलेत! चेतन जेवायला बसलाय. सकाळी निघाला, संध्याकाळी परत जाईल. बाबा... बाळंतपणाला धनाला माझ्याजवळ असू द्या ना. मला भीती वाटते हो."

मग चेतन. "काका, विमानात चहा दिला आणि तो संपायच्या आत म्हणाले, पट्टा बांधा, उतरायचंय."

बाबा मगनभाईंच्या ओट्यावर मटकन बसले. हसत होते की रडत होते, कळेना. "पोरी जवळ राहतील गं एकमेकींच्या! मी उगाच जीव टांगून बसलो..." त्यांनी डोळे पुसले, फोन पुन्हा कानाला लावला आणि घसा खाकरून म्हणाले, "चेतनराव, लग्नाला रजा कधी मिळेल?"

चेतनराव! बाबांनी फोन माझ्या हातात दिला आणि उगाच रस्त्याकडे बघू लागले.

"धनश्री... रडतेस?"

"नाही... हो."

"काहीतरी बोल ना."

ओट्यावर बाबा, दारात मगनभाई, खिडकीतून निम्मी गल्ली. आणि लाइन खराब, म्हणून मला ओरडावंच लागलं.

"फार आवडता तुम्ही मला!"