तीन चाळीस ते सहा दहा

पुडी हिरवीच हवी. पिवळी किंवा लाल चालत नाही. फोडायची नाही, आणि मुदत संपू द्यायची नाही.

मेमरीची तपासणी: चार फेऱ्या, साडेनऊ तास, एकही चूक नाही.

एक चप्पल पलंगाखाली. दुसरी कपाटापाशी.

"दादा, आबांच्या वर्षश्राद्धाला शनिवारी येतेय. मोठी डिस्क आणते. सगळे व्हिडिओ हवेत, एकूण एक. रुइयी."

दोनशे बारा दिवस.

बुधवारी सकाळी पोवेन तैपेईहून कीलुंगच्या बंदरगावी आला, तो वडिलांच्या, आबांच्या, घरातला सर्व्हर दुरुस्त करायला. घर बंदराच्या वरच्या चढावर, तिसऱ्या मजल्यावर. जिन्यात शेजारच्या चुआंगमावशींच्या तळणाचा वास. वर्षभर बंद असलेल्या खोलीत भिंतींना ओल आली होती, आणि कपाटावर सर्व्हरची काळी पेटी घुमत होती. तिच्या तोंडावर हिरवा दिवा, डोक्यावर हिरवी पुडी.

पेटी पोवेनने सहा वर्षांपूर्वी स्वतः जुळवली होती. जुना मदरबोर्ड, चार डिस्क, एक पंखा. तैपेईतल्या त्याच्या एवढ्याशा घरात तिचा आवाज सहन होईना, म्हणून त्याने ती इथे आणून ठेवली. आबा म्हणाले होते, "ठेव की. तू नाही राहत, निदान तुझी पेटी तरी राहील माझ्याजवळ."

पुडीही आबांचीच. पोवेन काम करायचा त्या कंपनीत प्रत्येक सर्व्हरवर, तो बंद पडू नये म्हणून, खोबऱ्याच्या चवीच्या कुरकुऱ्यांची अशी हिरवी पुडी असायची. पुडीवरच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग' असा. मोठमोठे साहेब तिची मुदत तपासायचे. हे ऐकल्यापासून आबा दर सहा महिन्यांनी नवी पुडी आणायचे, पेटीवर ठेवायचे आणि तिला थोपटायचे.

"शहाण्यासारखं राहा हं. पोवेन सांगेल ते ऐकायचं."

पोवेनला हसू यायचं. आता येत नव्हतं.

पेटी गेले तीन आठवडे रोज बंद पडत होती. रुइयीचा निरोप आला त्या दिवसापासून. आधी तैपेईत बसून त्याने वेळेकडे लक्षच दिलं नाही. बुधवारी दुपारी तो समोर खुर्ची टाकून बसला. पंखा मंदावला, थांबला. मग दिवा विझला. त्याने घड्याळ पाहिलं. तीन चाळीस.

बटण दाबून उपयोग झाला नाही. सहा वाजून दहा मिनिटांनी पेटी आपण होऊन सुरू झाली.

पेटीच्या आतल्या नोंदवहीत, लॉगमध्ये, बिघाडाची एकही ओळ नव्हती. वीज गेली किंवा भाग जळला की यंत्र धाडकन मरतं, नोंद अर्धवट तुटते. इथे तसं नव्हतं. डिस्क थांबवल्या, फायली मिटल्या, निरोप घेतला. कुणीतरी सांगावं आणि तिने ऐकावं, तशी ती बंद झाली होती.

गुरुवारी त्याने वीज पुरवणारा डबा बदलला, मेमरी बदलली, चालू-बंदच्या बटणाच्या तारा उपटून काढल्या. तीन चाळीसला बंद. सहा दहाला सुरू.

शुक्रवारी त्याने पेटीला फसवलं. तिचं आतलं घड्याळ दोन तास मागे केलं, नेटची तार काढली, आणि तिला उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. आता बाहेर किती वाजलेत हे कळायला तिला काही मार्ग नव्हता.

बाहेर तीन चाळीस झाले. पंखा थांबला.

पोवेन स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून राहिला. या दोन वेळा त्याला ओळखीच्या होत्या. त्यानेच त्या सांगितल्या होत्या.

अर्धांगाचा झटका आल्यावर आबांची डावी बाजू गेली, तेव्हा दर रविवारी यायच्याऐवजी पोवेनने खोलीत कॅमेरा लावला. हालचाल झाली की चित्रण पेटीत जायचं आणि त्याच्या फोनवर सूचना यायची. दुपारची झोप झाली की आबा कॅमेऱ्याकडे बघून उजवा हात हलवायचे. रोज. पहिला महिना पोवेनने पाहिलं. मग बैठकांमध्ये फोन वाजतो म्हणून सूचना बंद करून टाकल्या.

मागच्या वर्षी नोव्हेंबरात आबा पलंगावरून उठले, कपाटापर्यंत गेले आणि पडले. चुआंगमावशी सूप घेऊन आल्या तेव्हा ते शुद्धीत होते, पण बोलता येत नव्हतं. उजव्या मुठीत नवी हिरवी पुडी होती. पेटीवरच्या पुडीची मुदत संपायला अजून चार महिने होते. तरी म्हातारा कशाला उठला, कुणालाच कळलं नाही. तिसऱ्या दिवशी ते गेले.

हॉस्पिटलच्या जिन्यात रुइयीने विचारलं होतं, "दादा, कॅमेरा होता ना?"

"सर्व्हर बंद पडला होता," पोवेन म्हणाला होता. "तीन चाळीस ते सहा दहा."

नेमकी वेळ सांगितली की कुणी पुढे विचारत नाही, हे तो कामातच शिकला होता. त्याला वेळ माहीत होती, कारण त्याने पेटीतली चित्रणांची यादी पाहिली होती. पेटी दोनशे बारा दिवस अखंड चालू होती. अडीच तासांचं चित्रण जागच्या जागी होतं. ते उघडायचं धाडस त्याला झालं नाही. पुसायचंही झालं नाही.

शनिवारी सकाळी रुइयी काओशुंगहून आली. आल्या आल्या चप्पल काढता काढता म्हणाली, "काय हे दादा! यंत्रांचा डॉक्टर म्हणवतोस आणि घरचा पेशंट दगावतोय?"

"जुनी झाली गं."

"तूही झालायस. दाढी तरी कर, आबांपुढे उभं राहायचंय."

पेटी पुन्हा कपाटावर आली. रुइयीने डिस्क जोडली. सगळंच आपोआप उतरत होतं, एकच दिवस वगळायला काही निमित्त नव्हतं. संध्याकाळी ती ते बघेल, हे पोवेनला ठाऊक होतं. दुपारी त्याने उदबत्त्या लावल्या, संत्री मांडली. मावशी माशाच्या वड्यांची ताटली घेऊन आल्या. आबांच्या फोटोपुढे तिघांनी माथा टेकला.

माथा उचलताना मावशींची नजर कपाटावर गेली.

"ही अजून चालते होय! त्या दिवशी मी दार ढकललं ना, खोलीत अंधार नुसता. हिचा हिरवा दिवा तेवढा चालू. त्या उजेडातच मला तुझे आबा दिसले, बाई."

रुइयीने हळूच मान वळवली. "दिवा चालू होता?"

"होता म्हणजे? मी काय झोपेत होते?"

"दादा?"

तीन सदतीस झाले होते. खरं सांगायला तीन मिनिटं पुष्कळ होती.

"वीज असली की दिवा लागतोच, मावशी," पोवेन म्हणाला. "आत सगळं बंद असलं तरी."

मावशी म्हणाल्या, "असेल बाबा. मला मेलीला त्यातलं काय कळतंय."

उदबत्तीची राख पडली.

पंखा मंदावला. थांबला.

दिवा विझला नाही.

आजवर तो रोज विझायचा. आज पेटी आतून गार होती, तिला हात लावला तर थरथर नव्हती, आणि दिवा लख्ख हिरवा होता. पोवेनने पाठीमागची विजेची तार उपसून काढली. तार हातात घेऊन तो तसाच उभा राहिला. दिवा चालूच होता.

रुइयीला तार दिसली नाही. तिचे डोळे भरले होते.

"अजून हेच करते ही? तेव्हासारखं?" तिने त्याचा दंड धरला. "दादा, वर्षभर मला वाटत होतं तू खोटं बोललास. तुला विचारायचीही लाज वाटायची. माफ कर मला."

त्या माफीने तो आतून चिरत गेला. त्याने ठरवलं. पेटी सुरू झाली की रुइयीसमोर ते चित्रण उघडायचं, आणि मग ती म्हणेल ते ऐकायचं. तार त्याने पुन्हा जोडली.

सहा दहाला पंखा फिरला. राहिलेलं उतरलं. पोवेनने स्वतः तो दिवस उघडला.

आबा झोपलेले. तीन एकोणचाळीस. त्यांनी पांघरूण सारलं, उजव्या हाताने.

पुढचं चित्र: दारात चुआंगमावशी, हातात सूप. सहा दहा.

मध्ये काहीच नव्हतं.

त्याने नोंदवही काढली, मागच्या वर्षीची. तीन चाळीस, डिस्क थांबवल्या, फायली मिटल्या. सहा दहा, सुरू. या ओळी आजवर तिथे कधीच नव्हत्या.

"रुइयी," तो म्हणाला, "त्या दिवशी सर्व्हर चालू होता. मी खोटं बोललो. मी सूचना बंद केल्या होत्या."

रुइयीने पडद्यावरच्या ओळीवर बोट ठेवलं, लहान मुलाला दाखवावं तसं.

"हे बघ ना, इथे लिहिलंय. उगाच स्वतःला दोष लावून घेऊ नकोस, दादा. चल, जेवून घे."

मावशींनी वड्या गरम केल्या होत्या.

आबा पडले त्या दिवशी सकाळी त्यांनी पोवेनला फोन केला होता. "काल मी हात केला," ते म्हणाले होते, "दिसला का रे?" आणि पोवेन म्हणाला होता, "नाही आबा, सर्व्हर बंद पडला होता."