परतीचं भाडं

मेणबत्ती जरा लांब सरकव, मिहीर. मेण कार्पेटवर सांडलं तर तुझी आई मलाच बोलेल. दिवे काही आज रात्री येत नाहीत. बर्फाच्या वजनानं फांद्या मोडून तारांवर पडल्यात, अख्खं श्रूजबरी गाव अंधारात आहे. बसा आता गुमान.

काय म्हणालीस, रुचा? वडाच्या झाडावरच्या भुताची नको? बरं, वडाची नाही. इथलीच सांगतो. समोरच्या निळ्या घरातली. तो कृष्णा माहीत आहे ना, तुमच्या घरी पिझ्झा आणून देतो तो? त्याच्यावर गुदरलेली.

दोन हजार पाच साल. फेब्रुवारीची एक तारीख, मंगळवार. रात्री पावणेबाराला कृष्णा प्लास्टिकचा डबा घेऊन घरातून निघाला. डब्यात भाताचे पिंड होते. त्याच्या थोरल्या भावाचा, देवदत्तचा, त्या दिवशी दहावा झाला होता. सकाळी मागच्या अंगणात बर्फावर पिंड ठेवले. कावळे काय, इथेही आहेत, चांगले गलेलठ्ठ. मेपलच्या झाडावर ओळीनं बसून होते. एक खाली उतरेल तर शपथ.

देवदत्तची बायको, उत्तरावहिनी, म्हणाली, "कृष्णा, काहीतरी कबूल करा त्यांना. पोरीला, अनयाला सांभाळीन म्हणा."

"ते मी करणारच आहे," कृष्णा फटकन बोलला. "त्यासाठी दादानं जायला कशाला पाहिजे?"

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. पिंड सोडायचे पाण्यात, तर तळं गोठलेलं. मासे पकडणारे लोक बर्फाला भोकं पाडतात, त्यातल्या एखाद्यात सोडून या, असं वहिनीनं सांगितलं. दिवसभर कृष्णानं टाळलं. रात्री निघाला.

कावळा का शिवला नाही, हे त्या घरात एकट्या कृष्णाला ठाऊक होतं.

पोरगा नववी नापास. देवदत्तनं कागद करून त्याला इकडे अमेरिकेत आणला, तोवर बारा वर्षं गेली. इकडे आल्यावर थानासिस नावाच्या म्हाताऱ्या ग्रीक माणसाच्या पिझ्झाच्या दुकानात लागला. बर्फ पडलं की दोघं भाऊ मिळून घरापुढचा ड्राइव्हवे साफ करायचे. डावा अर्धा दादाचा, उजवा कृष्णाचा. मधली रेघ दादा अशी सरळ काढायचा की फूटपट्टी लावून घ्या. त्या जानेवारीतलं मोठं वादळ, रविवारची सकाळ. दादानं दार वाजवलं.

"ऊठ रे, ऊठ. तुझा अर्धा मी काढणार नाही हां!"

"पाच मिनिटं, दादा."

पाच मिनिटांचा तास झाला. दादानं आपला अर्धा काढला आणि मग कृष्णाचाही काढायला घेतला. शेवटचे तीन फूट राहिले असतील, तेव्हा फावडं टेकवून खाली बसला. तो बसलाच. हार्ट.

फ्युनरल होममध्ये थानासिस आला. कृष्णाच्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "आमचे जुने लोक, चर्च यायच्या आधीचे, तेही दुःखात केस कापायचे. कापून मेलेल्याच्या अंगावर ठेवायचे. तोंडात एक नाणं ठेवायचे." खिशातून त्यानं एक ड्राक्मा काढला, ग्रीसचं जुनं नाणं. "पलीकडे जायला नदी लागते. नावाडी आहे, पण फुकट नेत नाही. आता युरो आलाय, गावी याला कोणी विचारत नाही. तिकडे चालेल. ठेव त्याच्या जिभेखाली."

"आणि नाही ठेवलं तर?"

"मग माणूस अलीकडच्या काठावरच राहतो."

म्हाताऱ्याला वाटलं, पोर घाबरलं. पण कृष्णानं मूठ घट्ट मिटली. वहिनीनं तुळशीचं पान ठेवलं, गंगाजल घातलं. भट्टीचं बटण कृष्णानं दाबलं. डाव्या हातानं. उजव्या मुठीत नाणं तसंच होतं.

राहू दे अलीकडे. कुठे जायचं नाही त्यानं.

"काका, दॅट्स सो मीन," असं वाटतंय ना, आश्लेषा? मलाही वाटलं होतं. पण पुढे ऐक.

कृष्णा क्विन्सिगमंड तळ्यावर पोचला. बोटी उतरवायचा उतार आहे ना, तिथे. पुलावर एक गाडी नाही. बर्फ हातभर जाड, ट्रक चालवावा असं. भोक सापडलं. वरची साय त्यानं टाचेनं फोडली आणि एकेक पिंड सोडला.

तिसरा पिंड सोडला, तेव्हा आवाज आला.

छप्.

त्याला वाटलं, भोकातला.

छप्... छप्...

भोक गप्प होतं. आवाज लांबून येत होता. तळ्याच्या मधून. वल्ह्याचा.

गोठलेल्या तळ्यावर... वल्हं.

कृष्णा उठला. पळाला नाही. पळायचा स्वभावच नाही त्याचा. मागे वळला, तर उतारावर दादा उभा.

तोच राखाडी स्वेटर. डोक्यावर टोपी नाही. कृष्णाच्या तोंडातून वाफ निघत होती. दादाच्या... नाही.

"दादा?"

कृष्णा एक पाऊल पुढे सरकला.

"दादा, चल. घरी चल. वहिनी जागी आहे."

दादा हलला नाही. त्याची नजर कृष्णाच्या खांद्यावरून पलीकडे. होडी येत होती. काळी, बुटकी. बर्फावरून येत होती, पाण्यावरून यावी तशी. दहा पावलांवर थांबली. आत एक माणूस उभा. त्यानं हात पुढे केला. पंजा उघडा. तोंड दिसत नव्हतं.

कृष्णा मध्ये जाऊन उभा राहिला.

"नाही मिळणार," तो ओरडला. "भाडं माझ्याकडे आहे आणि मी देणार नाही. काय करशील? माझा भाऊ आहे तो, तुझा पॅसेंजर नाही. जा! रिकामा जा!"

हात तसाच पुढे.

"जा म्हणतो ना!"

मागे बारीक आवाज झाला. कृष्णानं वळून पाहिलं. दादा बोटांवर फुंकर घालत होता. बर्फ काढताना घालायचा तशी. फुंकरीला ऊब नव्हती, तरी घालत होता. पुन्हा. पुन्हा.

दहा दिवस... तो इथे कुडकुडत होता.

मेल्यावरसुद्धा. कृष्णामुळे.

पोरानं खिशातून ड्राक्मा काढला आणि त्या पंजावर ठेवला. थंडी अशी लागली की बोटं बधिर झाली. पंजा मिटायला लागला.

"थांब."

कृष्णानं पाकीट उघडलं. आत पाच रुपयांचं एक नाणं होतं. तो अमेरिकेला निघाला तेव्हा आईनं ते हातावर ठेवलं होतं. हे परतीसाठी, खर्चायचं नाही, असं बजावून. त्यानं तेही त्या पंजावर आपटलं.

"हे जायचं, हे यायचं. घेतोस तर दोन्ही घे. नाहीतर दोन्ही परत दे."

नावाड्याचा पंजा अर्ध्यावरच थांबला. जगात असं कोणी त्याला विचारलं नसावं.

पंजा मिटला.

दादा कृष्णाच्या शेजारून गेला. जाताना थांबला नाही. होडीत बसला. पाठ इकडे.

छप्... छप्...

मग तेही नाही.

दुसऱ्या दिवशी कृष्णानं हे सगळं मला सांगितलं. मी डॉक्टर माणूस. म्हटलं, दहा दिवसांत धड झोपला नाहीस, गारठ्यात असं दिसतं. झोपेची गोळी लिहून दिली. "काका," तो म्हणाला, "तुम्ही नका मानू. त्यानं परतीचेही पैसे घेतलेत. आता त्याला होडी परत फिरवायला लागेल."

मार्चची आठ तारीख, मंगळवार. रात्रभर बर्फ पडलं. बुधवारी पहाटे मी खिडकीशी आलो, तर समोर कृष्णा दारात उभा. अनवाणी. मला हातानं बोलावत होता.

मी गेलो. या डोळ्यांनी पाहिलं.

ड्राइव्हवेचा डावा अर्धा डांबरापर्यंत साफ. मध्ये रेघ, सुतानं आखावी तशी. उजव्या अर्ध्यावर गुडघाभर बर्फ, जसंच्या तसं. येण्याजाण्याची पावलं कुठेच नाहीत. फावडं गॅरेजच्या आत, कोरडं.

कृष्णानं ती रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग नाक पुसलं, बूट चढवले, फावडं आणलं.

"उठलोय रे, उठलोय," असं म्हणत आपला अर्धा काढायला लागला.