तीनदा बॅटरी

ही गोष्ट घडलेली आहे. नावं तेवढी बदलली आहेत. का, ते शेवटी कळेल.

ठिकाण, बीडकडच्या लिंबागणेशपासून थोडी आत असलेली वस्ती. मार्चचा पहिला आठवडा.

सगळी वस्ती ऊसतोडीला गेलेली. मागे उरली म्हातारी माणसं आणि प्रविण. त्याला वेड दुर्बिणीचं. फार उंचावरचे बंद पडलेले उपग्रह ठरावीक वेळाने चमकतात. ती वेळ मोजून तो वहीत लिहायचा.

शेजारचा अजिनाथ निघताना म्हणाला होता, "माय एकलीच हाय रं. ध्यान ठेव."

म्हणून ठरलं. रोज रात्री नऊला त्याच्या आईने, कौशल्याबाईंनी, माळवदावरून म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवरून बॅटरी तीनदा दाखवायची. म्हणजे म्हातारी बरी आहे.

त्या संध्याकाळी, अंधारात वही लिहायला प्रविण जो लाल दिवा वापरायचा, त्याचे सेल संपले. त्याने शेजारून दोन मागून आणले.

रात्री दक्षिणेला नवा उपग्रह सापडला. दर त्रेचाळीस सेकंदांनी चमकायचा. गडी खूश! डोळा दुर्बिणीला चिकटलेला.

नऊ वाजले... डोळ्याच्या कोपऱ्यातून समोरच्या माळवदावर बॅटरी दिसली.

एक... दोन... तीन.

"खुशाल हाय मावशी," तो पुटपुटला.

दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्रीही. दिवसा डोकावायची त्याला गरजच वाटली नाही.

चौथ्या रात्री बॅटरी तीनदा लागली, विझली... आणि पुन्हा लागली.

सवयीने त्याने स्टॉपवॉच दाबलं.

त्रेचाळीस सेकंद.

पुन्हा... त्रेचाळीस. त्या उपग्रहाचीच वेळ.

प्रविण धावला. "मावशी! ओ मावशी!"

ओ आली नाही. दाराशी वास मात्र आला...

धक्के मारून त्याने दार उघडलं. कौशल्याबाई जिन्याखाली पडल्या होत्या. शेजारी फुटका कंदील. डॉक्टर नंतर म्हणाले, जाऊन तीन दिवस झाले.

बॅटरी कोनाड्यात होती. त्याने बटण दाबलं. लागली नाही.

उघडली... आत सेल नव्हते.

मग त्याला आठवलं. ते दोन सेल त्यानेच नेले होते. "सकाळी आणून देतो मावशी."

"ने की बाबा. आज कंदील दाखवीन मी."

अजिनाथ आला. रडून रडून त्याने एकच विचारलं, "तुला रोज दिसत व्हती ना रं बॅटरी?"

"व्हय," प्रविण म्हणाला.

तेराव्याला प्रविणने ते सेल गुपचूप तिच्या बॅटरीत परत घातले. त्या रात्री माळवद अंधारात होतं. देणं फिटलं, आता बॅटरी लागणार नाही, असं समजून त्याला हायसं वाटलं. तो आडवा झाला.

उशाशी रिकामा लाल दिवा होता.

नऊ वाजले...

एक... दोन... तीन.

हे सगळं त्याने मला सांगितलं. अजिनाथला अजून सांगितलेलं नाही. आणि तो दिवा रोज नऊला लागतो.