पोपटीला नाही म्हणणारा माणूस

आपल्याच नवऱ्याशी अवचित गाठ पडावी, आणि तीही सकाळी पावणेआठला, पळसदरीच्या वळणावर... भाग्यश्रीचं नेमकं तसंच झालं.

आठ महिन्यांच्या धम्मीला मांडीवर घेऊन ती टमटममधून खोपोलीला निघाली होती. दर पंधरा दिवसांनी धम्मीचं रक्त तपासावं लागे, आणि त्या इवल्या हातातली शीर एका फटक्यात सापडणारा माणूस खोपोलीच्या लॅबमध्येच होता. माघाचं धुकं रस्त्यावर लोळत होतं. त्या धुक्यातून एक गडी धावत आला. घामाने अंगाला चिकटलेला बनियन, पायात लालभडक बूट, कपाळावर ओले केस.

काय दिसतो गं हा, असं तिच्या मनात आलं... आणि पुढच्याच क्षणी तिने ओळखलं. रत्नदीप! तिचा नवरा! मोटरसायकल मोरीला टेकवून ठेवलेली, आणि हा पठ्ठ्या भन्नाट पळतोय!

पहाटे साडेपाचला 'तेल तापवायला जातो' म्हणून हा दहिवलीच्या घरातून निघालेला. कुंभिवलीला हायवेच्या कडेला त्याची वड्यांची गाडी होती. मग तेल कोण तापवतंय? आणि हा कुणासाठी एवढा घाम गाळतोय?

तिने टमटम थांबवली नाही. धम्मीच्या हातातले मोजे नीट केले आणि मान फिरवून मागे बघत राहिली, तो धुक्यात नाहीसा होईपर्यंत.

संशय काही आजचा नव्हता. दीड महिन्यापासून तो घरात पाहुण्यासारखा येऊन बसला होता आणि हलायचं नाव घेत नव्हता.

धम्मी जन्मली तेव्हा पिवळी होती. सगळे म्हणाले, कोवळ्या उन्हात धरा, उतरेल. ती उतरेना. शी तर चुन्यासारखी पांढरी. अडीच महिन्यांची असताना कळलं, पित्त वाहून नेणाऱ्या नळ्याच पोरीच्या पोटात नीट बनल्या नव्हत्या. हजारोंत एखाद्या बाळाला होतो असा आजार, आणि तो नेमका दहिवलीत पत्ता शोधत आला. नवी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. चार महिने बरे गेले. मग डोळे पुन्हा हळदीचे झाले, पोट फुगलं, अंगाला खाज सुटली. म्हणून ते हातमोजे, नाहीतर पोर स्वतःलाच ओरबाडून घेई.

डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, "आता लिव्हर बदलावं लागेल. आई किंवा वडलांच्या लिव्हरचा एक तुकडा पुरतो. देणाऱ्याचं परत भरून येतं. पण दोन-तीन महिन्यांच्या आत व्हायला हवं."

भाग्यश्रीने तिथल्या तिथे पदर खोचला. पण तिचा रक्तगट जुळेना. रत्नदीपचा जुळला. तो तपासणीला आत गेला, दोन तासांनी बाहेर आला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "माझं नाय जमत, भागू."

"का? काय बोलले डॉक्टर?"

"नाय जमत बोलले."

बस्स. त्यावर कुलूप. घरी सासूबाईंनी, येसूबाईंनी, तर उघडउघड सुटकेचा श्वास सोडला. "एकुलता एक पोर माझा, त्याला कापायला नाय देणार मी," असं त्या आधीपासून म्हणतच होत्या. भाग्यश्रीच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. डॉक्टर नाही म्हणाले, की हाच भ्याला? आईने कान भरले, की याचंच पाऊल मागे पडलं? तिने मामांना, चुलत्यांना फोन केले. कुणाचा गट जुळेना, कुणाचं मन होईना. धम्मीचं वजन मात्र हलत नव्हतं, आणि कॅलेंडरवरचे दिवस भराभर निघून चालले होते.

अशात नवऱ्याचं वागणं बदललं. शेजारच्या सोनुबाईंच्या शेतावर पोपटी लावली होती. जाळात ठेवलेलं उलटं मडकं, भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, कोंबडी, अंडी. मडकं फुटलं आणि वासाने अख्खी दहिवली वेडी झाली. आणि रत्नदीप म्हणाला, "नको मला. तुमी खा."

पोपटीला नाही म्हणणारा माणूस रायगड जिल्ह्यात अजून जन्माला यायचाय! सोनुबाईंनी भाग्यश्रीला कोपराने ढोसलं. "पोट दुसरीकडं भरतंय बघ याचं."

त्यात गाडीवरची गिऱ्हाइकंही सांगू लागली की रत्नदीप हल्ली स्वतःचा वडा चाखत नाही. कंबर उतरली, गालफडं बसली. रंगाने मात्र उजळला मेला. मोबाइल पालथा ठेवू लागला. आणि त्या मोबाइलवर नाव झळकायचं... पौर्णिमा.

"पोटातून रस्ता काढ," सोनुबाईंनी सल्ला दिला. "असं खायला घाल की दुसरीकडं जायची शुद्धच राह्यची नाय."

भाग्यश्रीने सल्ला अगदी मनावर घेतला. रोजच्या डब्यात तुपाने माखलेल्या भाकऱ्या, शेंगदाण्याचं दाट कालवण, तळलेले बोंबील. डबा संध्याकाळी चाटूनपुसून रिकामा परत येई. आणि माणूस दिवसेंदिवस काटकुळा! मग हे सगळं जातंय कुणाच्या पोटात?

त्याच दिवशी, मंगळवारी संध्याकाळी, रत्नदीप धम्मीला मांडीवर घेऊन तिची नखं कापत बसला होता. हे काम त्याचंच. एकेक इवलं बोट धरून तो असं जपून कापी, की भाग्यश्रीला राग धरून ठेवणं जड जाई. ती चुलीपाशी भाकरी थापत म्हणाली,

"आज गाडी उशिरा लावलीत का हो?"

"नाय. का गं?"

"नाय, आपलं असंच... गाडीला पाय फुटलेत म्हणं. पळसदरीला पळताना दिसली कुणाला तरी. लाल बूट घालून."

नेलकटर थांबला. "कुणाला दिसली?"

"एका बाईला."

"कशी होती बाई?"

"बरी होती. नवरा धड बोलत नाय, म्हणून जरा सुकलीय."

तो गालात हसला. "आणि डोळे?"

"डोळे झकास हायेत तिचे. धुक्यातलं पण दिसतं."

"मला ठाव हाय ते डोळे," तो हळूच म्हणाला. "लग्न ठरलं तेव्हा कांदेपोहे द्यायला आली होती ती बाई. मी तिच्याकडंच बघत राह्यलो आणि पोहे शर्टावर सांडले... ध्यानात हाय तिच्या?"

भाकरी तव्यावर करपली. कित्येक महिन्यांत तो असं बोलला नव्हता. ती वळली. त्याच्या डोळ्यांत काहीतरी ओठांपर्यंत आलेलं दिसत होतं... अन् तेवढ्यात मोबाइल थरथरला. रत्नदीपने धम्मीला तिच्या हातात दिलं आणि तो पडवीत गेला. दाराआडून तिने ऐकलंच.

"हो मॅडम... नाय, तिला काय एक माहीत नाय. आजूक नका सांगू."

झालं! भाग्यश्रीच्या अंगाची लाही लाही झाली. पोरगी इकडे मरणाच्या दारात आणि याला मॅडम सुचतायत! मघाशी त्या गोड बोलण्याला आपण भुललो, याचाच तिला जास्त राग आला. भाकरी तिने त्या दिवशी मुद्दाम जरा जास्तच करपवली.

गुरुवारी तिने डबा नेहमीसारखा दिला, आणि दुपारी धम्मीला कडेवर घेऊन स्वतःच कुंभिवली गाठली. म्हटलं, बघूच कोण ती जेवणारीण.

गाडीवर रत्नदीप नव्हता. मागच्या बाकड्यावर डोंगरावरून पळसाची पानं घेऊन येणारा म्हातारा पोशा बसला होता. आणि त्याच्या पुढ्यात, मनगटापर्यंत ओघळणाऱ्या तुपासकट, तिचा डबा!

"ये पोरी, बस. त्यो पाणी आणाया गेलाय," पोशा बोटं चाटत म्हणाला. "तुज्या हाताला चव हाय बग. दीड महिना झाला, रोज खातोय."

"तुमी खाता? आणि हे?"

"त्यो? काकडी नि उकडलेलं चणं. येडाच हाय."

ती काही बोलणार, तोच गाडीच्या फळीवर चार्जिंगला लावलेला मोबाइल वाजला. पौर्णिमा! भाग्यश्रीने सगळ्या शिव्या जिभेवर ओळीने उभ्या केल्या आणि फोन उचलला.

"रत्नदीप, किती वेळ लावताय उचलायला?"

"रत्नदीप नाय. त्याची बायको बोलतेय."

पलीकडून एकदम आनंदाने, "भाग्यश्री? म्हणजे सांगितलं त्यांनी शेवटी!"

भाग्यश्री दहावीच शिकलेली, पण बारा गावचं पाणी प्यालेली. "हो. सगळं सांगितलं," ती बेधडक म्हणाली.

"बरं झालं बाई! हॉस्पिटलातून पौर्णिमा बोलतेय, ट्रान्सप्लांटचं काम बघते मी. सोमवारच्या स्कॅनचा रिपोर्ट आलाय. त्यांच्या लिव्हरवरची चरबी उतरली! नऊ किलो वजन कमी केलं हो माणसाने दीड महिन्यात. सर म्हणाले, आता बाळाला देऊ शकतात. येत्या सोमवारी दोघं या. बायकोची संमती असल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही... हॅलो? भाग्यश्री?"

भाग्यश्री फोन हातात धरून बाकड्यावर मटकन बसली होती.

"काय झालं गं? वंगाळ खबर हाय का?" पोशाने विचारलं.

"काका... माझं तूप तुमीच खाल्लंत ना? सगळं?"

"खाल्लं की."

"लई बरं केलंत," ती म्हणाली आणि धम्मीच्या टाळूवर तोंड टेकवून हमसून हमसून रडू लागली.

रत्नदीप पाण्याचे कॅन घेऊन आला तो हे दृश्य बघून जागीच थिजला. पोशा शहाणा म्हातारा. त्याने डबा उचलला आणि तो वडाच्या झाडाखाली जाऊन बसला.

"मॅडमचा फोन होता," भाग्यश्री डोळे पुसत म्हणाली. "चरबी उतरली म्हणतात."

कॅन त्याच्या हातून खाली आले. "उतरली? ...खरं?"

"आधी मला सांगा, का नाय बोललात? दीड महिना मी काय काय समजले तुमाला! भित्रा समजले. बाईबाज समजले!"

"भित्रा तर होतोच की." तो तिच्यासमोर उकिडवा बसला. धम्मीने मोज्यातला हात त्याच्या नाकावर मारला. "लाज वाटली गं. डॉक्टर म्हणाले, एवढ्या चरबीचं लिव्हर बाळाला चालणार नाय. म्हणजे माझ्याच वड्यांपायी, माझ्याच जिभेपायी माझ्या पोरीला... कुठल्या तोंडानं सांगू तुला? मग म्हणाले, उतरवून या, बघू परत. आयला कळलं असतं तर तिने मुद्दाम खायला घातलं असतं."

"आणि मी? मी काय आय हाय का तुमची?"

"तुला..." तो अडखळला. "ऑपरेशननंतर पोरीचे डोळे परत पिवळे झाले ना, तवा तुझा चेहरा बघितला मी. परत एकदा आशा लावायची, आणि परत नाय म्हणायचं... तसा चेहरा मला दुसऱ्यांदा बघवला नसता. म्हटलं, जमलं तर सांगू. नाय जमलं तर समजू दे मला भित्रा."

रोज पहाटे हा धुक्यात धावत होता आणि ती रोज त्याच्या डब्यात तूप ओतत होती. त्याने एक दिवस जरी तिच्या मायेला बळी पडून तो डबा खाल्ला असता...

"अहो, मी तुमाला तूप घालत होते हो!"

"म्हणून तर पोशाकाका बघ कसा टवटवीत झालाय."

ती रडता रडता फस्सकन हसली. मग भर हायवेवर, सुसाट जाणाऱ्या टेंपोंच्या साक्षीने, तिने त्याच्या कपाळावरचे ओले केस बोटांनी मागे सारले.

"लाल बूट शोभतात तुमाला," ती म्हणाली. "मंगळवारीच सांगणार होते, पण म्हटलं आधी बाई कोण ते बघू."

"आणि सापडली बाई?"

"सापडली. बिचारीला मी फोनवर खाऊनच टाकणार होते."

घरी येसूबाईंना सांगितलं तेव्हा त्या आधी रडल्या, मग भांडल्या. धम्मीचे पिवळे डोळे त्यांच्याकडे टकामका बघत होते. त्या डोळ्यांपुढे म्हातारीचं काही चाललं नाही. अखेर उठून त्यांनी स्वतःच्या हाताने बिनतेलाचा दुधी शिजायला टाकला.

सोमवारी हॉस्पिटलात भाग्यश्रीला एकटीलाच आत बोलावलं. देणाऱ्याच्या बायकोची संमती अशी एकटीचीच नोंदवायची रीत होती. समोर कॅमेरा, टेबलापलीकडे डॉक्टर आणि पौर्णिमा मॅडम. काचेच्या दाराबाहेर रत्नदीप धम्मीला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होता, पायात तेच लाल बूट.

"तुमच्या नवऱ्यावर कुणी दबाव आणलाय?"

"नाय. उलट मीच तूप घालून अडवत होते."

डॉक्टरांना काही उमगलं नाही. पौर्णिमा मॅडमनी हसू दाबलं.

"यात त्यांच्या जिवालाही थोडा धोका आहे, हे समजलंय तुम्हाला?"

भाग्यश्रीने दाराकडे बघितलं. एका खांद्यावर तिचं सगळं जग उभं होतं. "समजलंय," ती म्हणाली. "भीती वाटते. पण ते देतो म्हणतात, आणि माझी संमती हाय."

"त्यांना किती वर्षांपासून ओळखता?"

भाग्यश्रीने पुन्हा दाराकडे बघितलं. काचेपलीकडून त्याने भुवई उंचावून विचारलं, काय झालं? तिने पदर सावरला, नव्या नवरीसारखी लाजली आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली,

"लग्नाला तीन वर्षं झाली, डॉक्टर. ओळखते मात्र... परवाच्या गुरुवारपासून."