एवढं पान संपवून

लग्न होऊन या घरात आले तेव्हा नळ गळत होता, खिडकीची कडी लागत नव्हती, स्वयंपाकघराचं दार जमिनीला घासत होतं. पण मी पहिल्यांदा दुरुस्तीला घेतली ती पुस्तकांच्या कपाटाची मधली फळी. मी एका कचेरीत पुलांच्या तुळयांची गणितं करते. वाकलेली आडवी वस्तू दिसली की माझे हात शिवशिवतात.

कपाट नवऱ्याच्या वाचनाच्या खोलीत होतं. तीन लांबलचक फळ्या, मध्ये कुठेही आधार नाही आणि वर जाडजूड पुस्तकं ठासून भरलेली. वरची आणि खालची फळी जेमतेम तग धरून होती. मधली मात्र सरळसरळ झोपली होती. मी तिच्या पुढच्या कडेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ताणला. दोरा आणि फळी यांच्यामधून माझं बोट आरपार गेलं. भाराने फळी वाकते ती मधोमध. ही एका बाजूला वाकली होती, आणि टोकाशी आणखी एक छोटासा खळगा होता.

"अहो, हे कपाट केलंय कुणी? मध्ये एक उभी फळी घातली असती तर काय बिघडलं असतं?"

"एवढं पान संपवून सांगतो," पुस्तकातून मान वर न करता नवरा म्हणाला. त्याने ते कधीच सांगितलं नाही.

तो बिजवर. मीही काही कोवळी नवरी नव्हते, केस पिकायला लागले होते. पहिली बायको आजारपणात गेली, एवढंच मला ठाऊक होतं. "फार सोसलं तिने," असं तो म्हणायचा आणि पुन्हा पुस्तकात डोकं घालायचा. मीही खोदून विचारलं नाही.

सुतार आला. बडबड्या माणूस. "सोपं काम आहे, ताई. फळी उलटी करायची. बाक वरच्या अंगाला येतो, पुस्तकांच्या वजनाने तोच सरळ होतो. पुन्हा वाकू नये म्हणून पुढच्या कडेला खालून एक जाड पट्टी मारून देतो. नातवंडं बसली तरी हलणार नाही."

फळी काढून त्याने उलटी केली. खालच्या अंगाला जुनी भोकं होती. "ही कपाटाची नाही, ताई. पलंगाची आहे."

"तिचा पलंग होता," पुस्तकामागून आवाज आला. "लाकूड चांगलं होतं. टाकून काय द्यायचं?"

सुताराने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

उलटी फळी बसली, पट्टी बसली, पुस्तकं लागली. आठवडाही झाला नसेल, दोऱ्याखाली पुन्हा फट. त्याच जागी. टोकाचा छोटा खळगासुद्धा तिथेच. मी सगळी पुस्तकं उतरवली आणि फळी रिकामी ठेवली. रिकाम्या फळीला वाकायचं काहीच कारण नसतं. सकाळी दोऱ्याखालून दोन बोटं गेली, आणि सुताराची जाड पट्टी मधून तडकली होती.

त्याला परत बोलावलं. त्याने तडा पाहिला, त्यावरून अंगठा फिरवला आणि हत्यारं पिशवीत भरली. "लाकूड असं करत नाही, ताई." समोर ठेवलेलं पाणीही तो प्यायला नाही. नंतर त्याचा फोन नुसताच वाजत राहायचा.

मी मात्र हट्टाला पेटले. रोज बघायचे. रिकाम्या फळीवर धूळ बसायची, पण त्या दोन खळग्यांत नाही. एकदा मी मोठ्या खळग्यावर तळवा ठेवला. लाकूड कोमट होतं. अंथरुणातून कुणी नुकतंच उठून गेल्यासारखं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी न्हाणीघरात घसरले. पाय असा मुरगळला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. उठता येईना.

"अहो! जरा या हो! मी पडलेय!"

"आलो, आलो. एवढं पान संपवून."

गार फरशीवर मी पडून होते. नळ ठिबकत होता. वाचनाच्या खोलीतून पान उलटल्याचा आवाज आला. मग आणखी एक. मी पुन्हा हाक मारली. आणखी एक पान. रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग येत होता.

मग टक टक टक ऐकू आलं. लाकडावर बोटाचं पेर आपटावं तसं, हळू आणि चिवट. खुर्ची धाडकन सरकली. नवरा धावत आला, चेहरा पांढराफटक.

"ठोकू नकोस," तो म्हणाला. "काही झालं तरी तसं ठोकू नकोस."

"कशावर ठोकू? इथे सगळ्या फरश्या आहेत."

मला उचलून नेताना तो वाचनाच्या खोलीच्या दाराकडेच बघत होता.

पाय बघायला नणंद आली. तिला मी ठोकण्याचं विचारलं, तशी तिने दार लोटून घेतलं.

"वहिनी, शेवटी शेवटी तिचा आवाजच गेला होता. काही हवं असलं की पलंगावर बोटाने ठोकायची. दादा शेजारच्या खोलीत. एवढं पान संपवून येतो, म्हणायचा. त्या दुपारी मी आले, तर ती अर्धी पलंगाबाहेर लोंबकळलेली. हात पाण्याच्या भांड्याकडे. भांडं लांब राहिलं होतं. आणि दादाच्या मांडीवर पुस्तक."

"मग?"

"मग काय? आम्ही सगळ्यांनी त्याला धीर दिला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिला त्यांनी सरणावर जाळलं, तिच्या पलंगाचं कपाट केलं, आणि पुन्हा तिच्याच अंगावर पुस्तकं रचली! नणंद गेल्यावर मी लंगडत कपाटापाशी गेले. खळग्यावर हात ठेवला. सवतीशी मी पहिल्यांदाच बोलत होते.

"तुझं राहिलंय ते करून घे, बाई. मी आड येणार नाही."

माझ्या हाताखाली काहीतरी हललं. मी हात काढला नाही.

पुढच्याच महिन्यात नवऱ्याने अंथरूण धरलं. आधी पाठ गेली, मग हातातलं बळ. पुस्तक धरवेना. छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं, म्हणायचा. डॉक्टरांना काही सापडलं नाही. पुस्तकांजवळ झोपव, असं त्यानेच सांगितलं, म्हणून नवा मजबूत पलंग मी कपाटाला लावून टाकला. दुसऱ्याच दिवशी तो विनवू लागला, "इथून हलव गं मला."

"डॉक्टर नको म्हणालेत," मी सांगितलं. डॉक्टर तसं काही म्हणाले नव्हते. मला दया आली नाही.

मग त्याचा आवाजही गेला.

आज सकाळी मी मधल्या फळीवर सगळी पुस्तकं परत लावली आणि दोरा ताणला. नखही शिरेना. ठासून भरलेली फळी सरळ रेषेत होती. पाण्याचं भांडं पुस्तकांपुढे फळीच्या कडेवर, त्याच्या हाताशी ठेवलं आणि त्याचंच एक पुस्तक घेऊन शेजारच्या खोलीत येऊन बसले.

दुपारी टक टक झालं.

मी दारातून डोकावले. भांडं फळीच्या पार त्या टोकाला होतं. तो पलंगाच्या एका कडेला चेपून पडला होता, हात भांड्याकडे. त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागी गादी खोल दबली होती.

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"आले हं," मी म्हटलं. "एवढं पान संपवून."

परत येऊन बसले. पुन्हा टक टक.

मी पान उलटलं.

आतल्या खोलीतही कुणीतरी पान उलटलं.